मडगार्डला जागा नाही

जूनमधला पहिला दणकून पाऊस होऊन गेला होता. पुण्यात म्हात्रे पुलाच्या अलीकडच्या सिग्नलला मी थांबले होते आणि मागून एक शाळकरी मुलगा सायकल रेटत शेजारी येऊन उभा राहिला, आठवी-नववीतला असेल. पांढरा शर्ट, आणि त्यावर पोटापासून कॉलरपर्यंत चिखलाचे बारीक बारीक ठिपके, गालावर पण, चष्म्यावर पण. त्याने चष्मा काढून शर्टाच्या आतल्या बाजूने पुसला, माझ्या मागच्या चाकाकडे एकदा बघितलं आणि अगदी साध्या आवाजात, बुटाची लेस सुटलीय असं सांगावं तसं म्हणाला, "काकू, तुमच्या सायकलला मडगार्ड नाहीये." मी काही बोलेपर्यंत सिग्नल सुटला आणि तो पुढे गेला. त्याची सायकल साधी, मोठ्या भावाकडून आलेली वाटावी अशी, कॅरियरला दप्तर अडकवलेलं, पण पुढे-मागे दोन्हीकडे पत्र्याचं पूर्ण मडगार्ड होतं. पुलावरून मी त्याच्या अगदी मागे होते, माझ्या अंगावर त्याच्या चाकाचा एक थेंब उडाला नाही.

दिवसभर तेच डोक्यात. माझ्या पाठीवर पावसाळ्यात मधोमध चिखलाचा पट्टा उठतो हे मला माहीत होतंच की, बिनमडगार्डची सायकल चालवणाऱ्या सगळ्यांना तो पट्टा माहीत असतो. टिळक रोडला ऑफिसात पोचल्यावर बदलायला एक कुर्ता बॅगेत असतो, विषय संपला, असं मी धरून चालले होते. भिजणं हा माझा आणि पावसाचा मामला आहे असं वाटायचं. पण त्या मुलाला तसाच शर्ट घालून दिवसभर वर्गात बसायचं होतं, आणि त्याच्या दप्तरात दुसरा शर्ट नसणार.

सायकल तशी माझ्या फार जिव्हाळ्याची. ऑफिसमधल्या एकाने मुलासाठी घेतली होती, मुलगा शिकायला बाहेर गेला, ती पार्किंगमध्ये धूळ खात पडली होती, मी घेतली. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, २५ मिलिमीटरचे बारीक टायर, एका हाताने उचलून जिना चढता येतो. कोथरूडहून सकाळी निघालं की कर्वे रोडच्या उतारावर ती जी पळते ना, पंचेचाळिशीनंतर असं काही मिळतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तर ती घेऊन मी शनिवारी एका चांगल्या मोठ्या दुकानात गेले, मडगार्ड लावून द्या म्हणाले. तिथल्या मुलाने सायकलकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, रोड बाईक आहे ही. हिला मडगार्ड येतच नाही." मग सीटखाली अडकवायची एक प्लास्टिकची जीभ दाखवली, हे लावा, पाठ वाचेल. माझी पाठ वाचेल हे खरंच होतं. पण मला पाठीसाठी नको होतं ना.

येतच नाही म्हणजे काय?

घरी येऊन सायकल उलटी केली आणि खाली वॉचमनकाकांची सायकल लावलेली असते ती शेजारी ओढून आणली, आणि दोन्ही नीट बघत बसले. त्यांच्या सायकलला मागच्या चाकाचा नट जिथे बसतो त्या जाड पत्र्यालाच, नटाच्या जरा वर, एक छोटं भोक आहे. दोन्ही बाजूंना. पुढे फोर्कच्या टोकाला तसंच. सीटच्या मागे दोन नळ्यांना जोडणारा एक आडवा तुकडा, त्याला भोक. खाली पेडलच्या मागे चेनच्या बाजूच्या दोन नळ्यांमध्ये अजून एक आडवा तुकडा, त्यालाही भोक. आणि फोर्कच्या डोक्यात एक. बस, एवढ्यावर मडगार्ड उभं असतं. माझ्या सायकलला यातलं ब्रेकच्या बोल्टचं भोक सोडून काहीच नाही. चाकाच्या जवळ सगळं गुळगुळीत, खालचा आडवा तुकडा नाहीच, आणि टायर आणि ब्रेक यांच्यात जेमतेम पाच मिलिमीटर जागा. म्हणजे रेसच्या सायकलीचा नकाशा जसाच्या तसा उचललाय. रेसमध्ये दोन-चारशे ग्रॅमसुद्धा मोजतात, तिथे मडगार्ड नको हे मला पटतं. पण ही सायकल विकणाऱ्यालाही माहितीय की घेणारा ती घेऊन ऑफिसला, कॉलेजला, फार तर रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला जाणार, आणि हे शहर जून ते सप्टेंबर ओलं असतं. फ्रेम बनतानाच ती चार-सहा भोकं ठेवायला किती खर्च येतो? वजनात तर काहीच फरक पडत नाही. मला याचा राग येतो आणि तो जात नाही.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "भोक नाही म्हणजे? पाडून घ्यायचं." त्यांच्या काळात बरोबर होतं ते. त्यांची काळी अ‍ॅटलस, जाड लोखंड, तिला तुम्ही भोक पाडा, वेल्डिंग करा, ती वाकडी करून सरळ करा, ती सगळं सहन करायची. माझ्या फ्रेमच्या नळीची भिंत पातळ आहे, त्यात ड्रिल घातलं की नेमकी तिथूनच उद्या तडा जाणार, आणि कार्बनच्या फोर्कला भोक पाडायचा तर विचारसुद्धा करायचा नाही. हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं, ते ऐकून घेऊन म्हणाले, "मग एवढी नाजूक वस्तू रस्त्यावर कशाला आणतात?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ पासूनचा तो कारखाना, आमच्याकडे सगळे दारूगोळा म्हणायचे. नारायण पेठेतून निघायचं, नव्या पुलावरून, वाकडेवाडीवरून खडकी, आणि संध्याकाळी तेच उलट. लहानपणी एकदोनदा आईबरोबर मी तिकडे गेले होते, शिफ्ट सुटायच्या वेळेला, भोंगा झाला आणि गेटातून सायकलींचा जो लोंढा बाहेर पडला तो मी विसरूच शकत नाही. काळ्या, सगळ्या काळ्या, आणि प्रत्येक मागच्या मडगार्डचं शेपूट पांढऱ्या रंगाचं, त्यावर लाल रिफ्लेक्टर. पाऊस भुरभुरत होता, प्लास्टिकच्या टोप्या, रेनकोट, आणि इतकी माणसं एकमेकांना चिकटून, चाकाला चाक लावून चालवत होती. आता कळतं ते कसं जमायचं. प्रत्येकाच्या चाकावर मडगार्ड होतं म्हणून जमायचं. माझ्यासारख्या चार सायकली त्या गर्दीत घातल्या असत्या तर शंभर माणसं चिखलाने माखून घरी गेली असती.

रविवारी सकाळी वाड्याच्या चौकात सायकल धुवायचा कार्यक्रम. मडगार्डच्या आतून फडकं फिरवायचं काम माझं, कारण माझा हात बारीक. आत चिखलाचा थर वाळून बसलेला असायचा, नखाने सुटायचा, त्याला रस्त्याचा म्हणून एक वास यायचा, डांबर, शेण, रॉकेल, आणि शेवटी हात धुतला तरी संध्याकाळपर्यंत बोटांना तो वास राहायचा. बाबा म्हणायचे बघ, एवढं सगळं माझ्या आणि मागच्याच्या अंगावर जाणार होतं. तेव्हा मी "मागच्याच्या" या शब्दाकडे लक्ष दिलं नाही. मडगार्डचा नट सैल झाला की खडखड आवाज यायचा, गल्लीच्या तोंडाशी असतानाच आईला कळायचं बाबा आले, ती चहा टाकायची. दसऱ्याला हँडलला झेंडूची माळ आणि हळदकुंकू पुढच्या मडगार्डच्या टोकावर, अगदी नाकावर, तिथेच लावायचं. माझ्या सायकलला या वर्षीपर्यंत ते कुठे लावायचं हा प्रश्नच होता, हँडलच्या दांडीवर लावत होते, मन भरत नव्हतं.

माझी स्वतःची पहिली सायकल बीएसए लेडीबर्ड, एसपी कॉलेजला जायला. तिला तर मडगार्ड, चेनकव्हर आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी, ओढणी अडकू नये म्हणून. पावसात पांढरी सलवार घालून कॉलेजला गेलेय मी, आणि पोचल्यावरही ती पांढरी होती. आमच्या गल्लीतली पोरं त्याच सुमारास आपापल्या सायकलींची मडगार्ड काढून टाकत होती. मुंबई-पुणे रेस बघायला सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, बोरघाट चढून आलेले ते वाकड्या हँडलवाले रेसर, त्यांच्या सायकली नुसती दोन चाकं आणि एक सांगाडा, काय देखण्या दिसायच्या! मग दुसऱ्या दिवशी पोरं पाना घेऊन बसायची. मडगार्ड माळ्यावर, सायकल उघडी, आणि जुलैत आईची बोलणी. मला त्यांचं आकर्षण तेव्हाही कळत होतं आणि आताही कळतं. उघडं चाक सुंदर दिसतं. माझ्या सायकलची ती सडसडीत रेघ मला आवडते, रात्री पार्किंगमध्ये लावून वर जाताना मी एकदा मागे वळून बघते. म्हणूनच इतके पावसाळे काही हालचाल केली नसणार. ती अ‍ॅटलस बनवणाऱ्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिन होता तो. बातमी वाचून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले मडगार्डचा पत्रा चांगला द्यायचे.

चाकाचं पाणी उडतं कसं हे मी त्या आठवड्यात कागदावर काढून बघितलं. टायरवरून सुटणारा थेंब चाकाच्या कडेने सरळ, ज्या दिशेला टायर त्या क्षणी चाललाय त्या दिशेला जातो, आणि चाकाच्या मागच्या बाजूला टायर वर चढत असतो. तासाला २५ किलोमीटरने चाललात तर तिथून सुटलेला थेंब, हवेचा अडथळा धरला नाही तर, जवळजवळ २.५ मीटर उंच जाऊ शकतो, माणसाच्या डोक्यावरून. चाकाच्या वरच्या भागातून सुटलेलं पाणी पुढे येऊन तुमच्या पाठीवर बसतं. आणि खालच्या मागच्या भागातून, रस्त्यापासून वीतभर उंचीवरून जे सुटतं ते मागे आणि वर जातं, मागून येणाऱ्याच्या थेट तोंडावर. दुकानातली ती प्लास्टिकची जीभ वरचं पाणी अडवते, खालचं अडवतच नाही. मागच्यासाठी अडवायचं तर मडगार्ड खाली, पार खाली उतरलं पाहिजे आणि त्याच्या टोकाला रबरी फ्लॅप पाहिजे. पुढच्या चाकाचंही असंच, तिथलं खालचं पाणी तुमच्या पायांवर आणि चेनवर येतं. कर्वे रोडच्या चिखलात सिमेंटची पूड, वाळू आणि गाड्यांचं तेल असतं, ते चेनच्या वंगणात मिसळलं की घासून काढायची पेस्टच तयार होते, चेन ताणते आणि मग दात खाते. हँडल ज्यांवर वळतं त्यातली फोर्कला लागूनची खालची बेअरिंगसुद्धा पुढच्या चाकाच्या चिखलानेच खराब होते, सगळे म्हणतात पावसाने झाली.

मग सामान गोळा करायला निघाले. मडगार्ड मिळालं, ७०० मापाच्या चाकाचं, ३५ मिलिमीटर रुंद प्लास्टिकचं, टायरपेक्षा आठ-दहा मिलिमीटर रुंद घ्यायचं असतं म्हणजे कडेने पाणी निसटत नाही. राहिला तो प्रश्न सळ्या कुठे बांधायच्या हा. त्याचं उत्तर नाना पेठेत मिळालं, सायकलच्या नाही, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. ट्रकची वायरिंग आणि ब्रेकचे पाइप चासीला धरून ठेवायला एक छोटी क्लिप असते, पी आकाराची, पातळ पोलादी पट्टी गोल वाकवलेली आणि आतून काळं रबर. दुकानदाराला फ्रेमच्या नळीचं माप दिलं तर त्याने डबा ओतला काउंटरवर, चौदाची, सोळाची, अठराची, "घ्या ताई, नळीला लावून बघा, बसेल ती ठेवा, उरलेल्या आणून द्या." मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं, की कुठल्यातरी ट्रकच्या पोटाखालची वस्तू माझ्या सायकलला बरोब्बर बसते आणि ती काही रुपयांना एक मिळते. तिथून बोहरी आळीत नायलॉक नट, म्हणजे हादऱ्याने सैल न होणारे, चार मिलिमीटरचे बोल्ट, वायसर, दोन मिलिमीटर जाड रबराचा तुकडा. पाऊस, छत्र्या, हातगाड्या, आणि त्या गर्दीत मी रबर वाकवून बघत उभी.

लावून दिलं ते कसब्यातल्या एका काकांनी. बोळात त्यांचं दुकान आहे, दुकान म्हणजे एक लाकडी पेटी आणि भिंतीला दोन खिळे, आऊट काढण्यात, म्हणजे डुलणारं चाक सरळ करण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नाही. सायकल बघून ते हसले नाहीत की येत नाही म्हणाले नाहीत, टायर आणि ब्रेकच्या मधे एक चपटी पट्टी सरकवून बघितली आणि म्हणाले, "अखंड नाही जायचं इथून. दोन तुकडे करू." आणि मागचं मडगार्ड जिथे ब्रेकखाली येणार होतं नेमकं तिथे खूण करून करवतीने कापलं. नवीन, कोरं मडगार्ड. माझ्या पोटात गोळा आला. मग कापलेली कड त्यांनी कानसीने घासली, बोटाने चाचपली, परत घासली. पुढचा तुकडा सीटच्या नळीला मागून चिकटून खाली पेडलपर्यंत, वर-खाली बारीक भोकं पाडून केबल टायने बांधला, भोकं मडगार्डला पाडली, फ्रेमला हात लावला नाही. मागचा तुकडा ब्रेकपासून सुरू होतो, त्याला एक एल आकाराची पट्टी, ती ब्रेकच्याच बोल्टमध्ये घातली. पट्टीच्या जाडीने बोल्ट तेवढा आखूड पडतो, आटे कमी धरतात, म्हणून काकांनी आतला नट बदलून लांब घातला. "ब्रेक आहे हा ताई, इथे जुगाड चालत नाही." हे त्यांनी दोनदा सांगितलं.

सळ्या बसवायचं काम मात्र बघण्यासारखं. आधी जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून नळीभोवती गुंडाळला, रंग खरवडू नये आणि क्लिप घसरू नये म्हणून, कारण ती नळी खाली जाडीला बदलत जाते, गोलही नाही धड. त्यावर पी क्लिप, तिचे दोन कान एकमेकांवर आले की त्यात सळीची कडी, मग बोल्ट, नायलॉक नट, पण आवळला नाही, नुसता हाताने बसवला. मग कानामागची पेन्सिल काढली, टायर आणि मडगार्डच्या मधे घातली आणि चाक हळूहळू फिरवत पेन्सिल सगळीकडून सरकवत नेली. पेन्सिल साधारण सात मिलिमीटर जाड असते, तेवढी फट सगळीकडे सारखी आली की टायरला चिकटलेला खडा अडकत नाही. जिथे पेन्सिल घट्ट झाली तिथे सळी केसभर बाहेर, जिथे सैल पडली तिथे आत. परत चाक फिरवलं. परत. मला वाटलं होतं पट्कन होईल, पण समोरच्या हॉटेलातून आलेला चहा गार झाला तरी त्यांचं चाललंच होतं, आणि शेवटी उठून चार पावलं मागे जाऊन त्यांनी मागून बघितलं, मडगार्डची रेघ आणि टायरची रेघ एकात एक बसतायत का, आणि मगच पाना हातात घेतला. सळ्यांची जास्तीची टोकं कापून त्यावर वायरचं कव्हर चढवलं, पोटरीला लागू नये म्हणून.

पुढच्या फोर्कला क्लिप लावायला काकांनी साफ नकार दिला. कार्बनला पोलादी पट्टी आवळायची नाही, तो आतून चिरतो आणि बाहेरून कळत नाही. तिथे रबरी पट्ट्यांनी बांधलं, दोन्ही पायांना, खाली मऊ रबराची उशी. याचा दुसरा फायदा त्यांनी समजावला तो ऐकून अंगावर काटा आला. पुढच्या मडगार्डात कधी काटकी शिरली तर ती टायरबरोबर आत ओढली जाते, मडगार्ड गोळा होऊन फोर्कमध्ये अडकतं, चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. म्हणून पुढच्या सळ्या अशा असाव्यात की जोर आला की सुटून याव्यात. रबरी पट्टी सुटते. मोठ्या कंपन्यांच्या पुढच्या मडगार्डला यासाठी मुद्दाम सुटणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा असतात, मागच्याला त्यांची तेवढी गरज नसते. मग हँडल वळवून बुटाचं टोक मडगार्डला लागतंय का ते बघितलं, लागत होतं थोडं, पुढून बोटभर कापलं. शेवटी दोन्हीकडे रबराचे फ्लॅप, मागचा रस्त्यापासून चार बोटं वर. बाबांच्या सायकलचाही तेवढाच असायचा.

त्यानंतरचा पहिला मोठा पाऊस मिळाला तेव्हा खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, भिडे पूल पाण्याखाली, बरंच ट्रॅफिक म्हात्रे पुलावर आलेलं. सायकलचा आवाज बदललाय हे पहिल्यांदा जाणवलं. आधी नुसता टायरचा सर्रर्र आवाज यायचा, आता आत मडगार्डवर पाणी आपटून तडतड तडतड, पत्र्याच्या छपराखाली उभं राहिल्यासारखं वाटत नाही पण मनाला तसलाच आसरा वाटतो. वरून पाऊस पडत होताच, मी चिंब भिजलेच, पण ते पाणी स्वच्छ होतं. वरून येणाऱ्या पाण्याचं मला कधीच काही वाटलं नाही, ते हवंच असतं. रस्त्याचं पाणी वेगळं. पाय नेहमीसारखे काळे झाले नव्हते, चेन पुसली तर फडक्यावर वाळू नव्हती.

आणि मागे बघायची सवय लागलीय. सिग्नलला कुणी शाळेतलं पोर मागे आलं, डिलिव्हरीवाला आला, की नकळत मी थोडी बाजूला व्हायचे आधी, आता होत नाही. रविवारी आमचा ग्रुप खडकवासला, डोणजे, पायथा असं जातो, पावसात एकामागे एक चालायचं म्हणजे प्रत्येकजण पुढच्याच्या चाकापासून तिरका सरकून तोंड वाचवत असतो, ओळ मोडते, मग कुणीतरी गाडीच्या बाजूला जातो. या वेळी चढाआधी माझ्या मागे तिघं नीट ओळीत लागली. एकजण म्हणाला वहिनी, आज तुमचंच चाक धरतो. दुसरा म्हणाला सायकलचं लुक गेलं हो पण. गेलंय खरं. ती सडसडीत रेघ आता नाही, सीटखाली केबल टाय दिसतात, वजन थोडं वाढलंय आणि खड्ड्यात पुढची रबरी पट्टी किंचित कुरकुरते. पार्किंगमधून वर जाताना मागे वळून बघते तेव्हा अजूनही क्षणभर जुनी सायकल शोधते. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायची राइड करणारे, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायला निघणारे लोक ओळीत चालूनच ताकद वाचवतात, त्यांच्यातल्या जुन्या लोकांच्या सायकली बघा, बऱ्याच जणांची मडगार्ड पूर्ण असतात, फ्लॅपसकट. त्यांना कधीच कळलेलं असतं ते.

२०१७ साली महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, ट्रॅक किती झाले न झाले यावर आपण सगळे भांडतोच आणि भांडायला हवंच. पण दुकानात सायकल घेताना तिला मागच्या बाजूला दोन भोकं आहेत का हे बघायला कुठल्या आराखड्याची वाट बघायची नाहीये. कुणी मला विचारलं कुठली घेऊ तर मी आता गिअर किती ते सांगतच नाही, म्हणते उलटी करून बघ, मडगार्डला जागा आहे का, आणि टायरच्या वर पेन्सिल जाते का. घेऊन झाली असेल आणि जागा नसेल तर येत नाही म्हणणाऱ्याचं ऐकू नका. येतं. कापावं लागतं, एक दुपार जाते, पण येतं.

पावसाळा संपला की काढून ठेवणार का असं लोक विचारतात. नाही काढणार, टँकरची गळती आणि गाड्या धुतलेलं पाणी बारा महिने रस्त्यावर असतं. पुढच्या रबरी पट्ट्या उन्हाने कडक होतील, दिवाळीच्या आसपास बदलाव्या लागतील, त्यासाठी जुनी ट्यूब ठेवलीय. तोवर आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीची सायकल घेऊन कसब्यात जायचंय. तिचीही बिनभोकाचीच, वर डिस्क ब्रेक, म्हणजे मागे ब्रेकचा बोल्ट नाही आणि डाव्या बाजूची सळी नेमकी ब्रेकच्या अंगावर येते. काकांना फोन केला तर म्हणाले लांब बोल्ट आणि मधे स्पेसर टाकून सळी बाहेरून काढू, क्लिपा सोळाच्या आणा, चार.